आईची आफ्रिका वाघोडियात

आण्णा २०२१ मध्ये गेले आणि त्यानंतर आमच्या घरी रात्री साडेनऊनंतर टीव्हीचा ताबा आईकडे आला. या वयातल्या बायका मालिका बघतात, कीर्तन ऐकतात. आमची आई प्राण्यांचे चॅनल लावते. त्यातही तिची आवडती मारा नदी. केनिया आणि टांझानियाच्या सरहद्दीवरच्या या नदीत दरवर्षी साधारण जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान विल्डबीस्टांचे प्रचंड कळप उड्या टाकतात. पलीकडे गवत असते आणि मधल्या पाण्यात मगरी. आई हा कार्यक्रम आवाज बंद करून बघते. पाण्यावर दोन डोळे दिसले की खुर्चीत पुढे सरकते आणि कन्नडमध्ये पुटपुटते, "मोसळी बंतु."

तिचे माहेर रायबाग तालुक्यातले, कुडचीजवळ कृष्णाकाठी. लग्न होऊन मराठी घरात आली, पन्नास वर्षे आमच्याशी मराठीत बोलली. पण राग, भीती आणि हिशेब अजून कन्नडमध्येच चालतात. हे तुमच्याही घरी असेल.

२०२४ मध्ये तिला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. दादा म्हणाला, सत्यनारायण आणि जेवणावळ करण्यापेक्षा तिला काय हवे ते विचारू या. विचारले. आईने क्षणभरही विचार न करता टीव्हीकडे बोट दाखवले. "तिथं न्या एकदा. होडीतनं बघायचंय मला."

आम्ही हसलो, पण मी मनावर घेतले. मी कॉलेजात शिकवते, त्यामुळे कोणत्याही गोष्टीची आधी टिपणे काढायची सवय. नदीवरची सफारी ही जीपच्या सफारीपेक्षा वेगळी, आणि खरे सांगायचे तर म्हाताऱ्या माणसांसाठी जास्त सोयीची. जीपमध्ये खड्ड्यांतून तासन्‌तास हाडे खिळखिळी होतात. होडीत एका जागी बसायचे आणि प्राणी पाण्यावर येतात ते बघायचे. युगांडात कझिंगा नावाचा नैसर्गिक कालवा आहे. जॉर्ज आणि एडवर्ड या दोन सरोवरांना जोडणारा हा कालवा सुमारे ३२ किलोमीटर लांब असून त्याच्या काठाने पाणघोडे अक्षरशः ओळीने पडलेले असतात. त्याच देशात मर्चिसन धबधब्याच्या खाली नाईल नदीतून लाँच जाते. तिथे अख्खी नाईल सात-आठ मीटरच्या फटीतून चाळीस-बेचाळीस मीटर खाली कोसळते. बोत्सवानात चोबे नदी हत्तींसाठी प्रसिद्ध. कळपच्या कळप पोहत मधल्या बेटावर चरायला जातात. टांझानियात रुफिजी, झांबिया आणि झिंबाब्वेच्या मधून झांबेझी. कोरड्या दिवसांत, म्हणजे जून ते ऑक्टोबर, आतले पाणवठे आटतात आणि सगळे जंगल नदीवर येते. जायचे तर त्या काळात.

टिपणे आईला वाचून दाखवताना पाणघोड्यावर अडलो. कन्नडमध्ये काय म्हणतात, मी विचारले. "नीरुकुदुरे," ती म्हणाली. नीरु म्हणजे पाणी, कुदुरे म्हणजे घोडा. इंग्रजीतला हिप्पोपोटॅमसही ग्रीकमधून आलेला 'नदीचा घोडा'च. तीन भाषांनी त्या अगडबंब प्राण्यात घोडा कुठे पाहिला देव जाणे. आई म्हणाली, "घोडा न्हवं गं, म्हस हाय ती."

मग डॉक्टरांकडे गेलो आणि गाडी तिथे अडली. युगांडा, केनियासारख्या देशांत पीतज्वराचा धोका असतो. त्याची लस घेतल्याचे प्रमाणपत्र लागते आणि लस मोजक्याच सरकारमान्य केंद्रांत मिळते. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. २०१६ पासून ते जन्मभर चालते. प्रमाणपत्राविना तिकडून परतणाऱ्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हे सगळे जमले असते. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका तुलनेने अधिक असतो. जाणे अगदी अटळ आहे का, असे डॉक्टरांनी सरळ विचारले. अटळ कसे म्हणणार? बोत्सवाना या यादीत नाही, म्हणून चोबेचा मार्ग मोकळा होता. फक्त अदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलायचे असेल तर वाटेतले नियम आधी तपासावे लागतात. पण चोबेला दोघींनी जायचा खर्च ऐकून मी गप्प झाले. माझा मुलगा वाघोडियाला इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्या वर्षभराच्या फीपेक्षा तो आकडा मोठा होता. मुदत ठेव मोडायची असे मी मनाशी ठरवले आणि आईला काही बोलले नाही. आईला अर्थातच कळले. बँकेची पासबुके कुठल्या कपाटात असतात हे तिलाच तर माहीत असते.

अशात ऑगस्ट २०२४ चा शेवट उजाडला. वडोदऱ्यात प्रचंड पाऊस झाला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट. पाणी ३५ फुटांच्याही वर गेले, शहराचा मोठा भाग बुडाला. आणि पाण्याबरोबर मगरी गल्ल्यांत शिरल्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने आणि प्राणिमित्रांनी वस्तीतून २४ मगरी पकडल्या. सर्वांत लहान दोन फुटांची, मोठी चौदा फुटांची. एक मगर तर दोघा तरुणांनी स्कूटरवर आडवी घालून वनखात्याच्या कचेरीत नेल्याचे दृश्य देशभर फिरले. माझ्या मुलाने ते अज्जीला पाठवले. अज्जीने ते सात-आठ वेळा पाहिले आणि मला हाक मारली.

"आफ्रिका कशाला? मोसळी माझ्या नातवाच्या गावात हाय की!"

तिला माझी ठेव वाचवायची होती, हे मला कळत होते. मी वाद घातला. ती ऐकेना. शेवटी असे ठरले की आधी वाघोडिया, मग बघू.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघी निघालो. बंगळूर-म्हैसूरकडून अजमेर-जोधपूरला जाणाऱ्या काही गाड्या हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे करत वडोदऱ्याला जातात. गाडी बदलावी लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. डब्यात चपाती, शेंगाची चटणी आणि दही-भात. आईने मिरज येईपर्यंत समोरच्या राजस्थानी बाईला चटणीची कृती सांगून झाली होती. कोणत्या भाषेत, ते विचारू नका.

वाघोडिया हे वडोदरा शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर. तालुक्याचे गाव, कारखान्यांची वसाहत आणि आता लिमडा गावाजवळच्या पारुल विद्यापीठामुळे देशोदेशीच्या मुलांचा राबता. रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर आफ्रिकेतली मुले गुजराती फाफडा खात उभी असतात. तसे पाहिले तर गुजरात आणि आफ्रिकेचे येणेजाणे जुने. सयाजीराव महाराजांच्या आधाराने १९०८ मध्ये निघालेल्या बँक ऑफ बडोदाने परदेशातल्या पहिल्या शाखा काढल्या त्या १९५३ मध्ये, मोंबासा आणि कंपाला इथे. गुजराती व्यापारी तिथे आधीच पिढ्यान्‌पिढ्या रुजले होते. १९७२ मध्ये इदी अमीनने त्यांना युगांडातून हाकलले, ती कहाणी सर्वांना ठाऊक आहे. आता वारे उलट दिशेने वाहतात आणि तिकडची मुले इकडे शिकायला येतात.

याच तालुक्यात आजवा तलाव आहे, सयाजी सरोवर. वडोदऱ्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी सयाजीरावांनी तो बांधवला आणि १८९२ पासून त्याचे पाणी शहराला मिळू लागले. मातीचा लांबलचक बांध आणि पुराचे पाणी सोडायला ६२ दरवाजे. आजव्याचे पाणी सुटले की ते विश्वामित्रीत जाते, म्हणून पावसाळ्यात अख्खे शहर आजव्याच्या पातळीकडे डोळे लावून बसते. जवळच निमेट्याची बाग आहे. ती म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर केलेली, हे कळल्यावर आईची छाती फुगली. आण्णांबरोबर १९८३ मध्ये ती कृष्णराजसागरला गेली होती. कारंजी पाहताना चप्पल हरवली होती. "बघ, गायकवाडांच्या गावातबी आमचंच कॉपी केलंय." तलाव मराठी राजाचा, बागेचा नमुना कन्नड मुलखातला आणि माळी गुजराती. आमच्यासारख्या घरातल्या माणसाला असे ठिकाण परके वाटणार कसे?

वडोदऱ्यातली मराठी माणसेही आपल्यासारखीच दुहेरी आहेत. पिलाजीराव गायकवाडांच्या काळापासून म्हणजे तीनशे वर्षे तिथे असलेली घराणी आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, आणि एकाच वाक्यात दोन्हींची सरमिसळ. शहराची ओळख झालेले सेव उसळ हे नावच सांगते की आपली उसळ तिथे जाऊन शेव पांघरून बसली आहे. आपल्याकडे दोन भाषा म्हटले की लगेच फलक आणि मोर्चे आठवतात. तिथे उसळीत शेव पडली आणि भांडण मिटले. असो, तो विषय वेगळा.

आजव्याच्या काठावर आम्ही सकाळी नऊला पोचलो. थंडी होती. मगरीचे रक्त गार, म्हणजे अंगची ऊब तिला बाहेरून घ्यावी लागते. म्हणून हिवाळ्यात ऊन चढू लागले की त्या पाण्याबाहेर येऊन पडतात. दूरवर मातीच्या पट्ट्यावर तीन ओंडके दिसत होते. मुलाने दुर्बीण दिली. मधला ओंडका तोंड उघडून पडला होता. पुष्कळांना वाटते मगर तोंड उघडते ती हल्ल्यासाठी. खरे तर शरीराची उष्णता सांभाळायची ती रीत आहे. आईने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि कितीतरी वेळ काढलीच नाही. मला वाटले, आता काहीतरी म्हणेल. ती काहीच बोलली नाही. दुर्बीण परत देताना तिचे हात थरथरत होते. थंडीने असतील असे मी समजले.

दुपारी मुलाच्या कॅन्टीनमध्ये त्याचा एक मित्र भेटायला आला. मुलगा मलावीचा. त्याचे आजोळ शिरे नदीच्या काठी आहे; मलावी सरोवरातून निघून ही नदी पुढे झांबेझीला मिळते. तिच्याच काठी लिवोंडेचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे प्रवासी होडीतून पाणघोडे आणि मगरी बघायला येतात. माझा मुलगा दुभाषी झाला. आईने त्याला पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. "तुमच्याकडं रेडकं नेतात का मोसळ्या?"

म्हशी नाहीत, शेळ्या नेतात, असे त्याने सांगितले. माणसेही. त्याच्या आजीच्या गावात पाणी भरायच्या जागी नदीत लाकडी खुंट रोवून कुंपण घातले आहे. बायका त्याच्या आत उभ्या राहून बादल्या भरतात. तो लहान असताना कुंपण वाहून गेले की आजी त्याला काठावर येऊ द्यायची नाही. होडीतून येणारी माणसे मगरींचे फोटो काढायची, तेव्हा आजी म्हणायची की यांना हिची काय हौस. तो हे हसत हसत सांगत होता. आई हसली नाही. तिने पिशवीतून कडबोळीचा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला.

संध्याकाळी खोलीवर परतल्यावर आईने ती गोष्ट सांगितली. माझ्या सत्तेचाळीस वर्षांत मी ती ऐकली नव्हती. दादालाही ठाऊक नव्हती.

१९५८ मधली गोष्ट. ती नऊ वर्षांची होती. घरात एकच दुभती म्हैस आणि तिचे रेडकू. रेडकाला नदीवर पाण्याला न्यायचे काम आईचे. त्या दिवशी ती मैत्रिणींशी गजगे खेळत बसली आणि रेडकू एकटेच पाण्यात उतरले. तिने मान वर केली तेव्हा पाणी नुसते हलत होते. आजोबांनी मारले नाही. पण रेडकू गेल्यावर म्हशीने पान्हा सोडायचे बंद केले. अशा वेळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभे करतात, ती ते चाटते आणि पान्हा सोडते. इथे कातडेही उरले नव्हते. म्हैस आटली. दुधाचे पैसे थांबले. पुढच्या वर्षी पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत जायचे होते. ते राहिले ते राहिलेच.

"माझी साळा त्या मोसळीनं गिळली," आई म्हणाली. "तुझे आण्णा मला पेपर वाचायला शिकवायचे तवा बी मला सांगायचं धाडस झालं न्हाई. गजगे खेळत हुते म्हणून कसं सांगू?"

मी काय बोलणार? रोज वर्गात साठ मुलामुलींपुढे उभी राहणारी मी. इतकी वर्षे मला वाटत होते की आईला आफ्रिका बघायची आहे.

दुसऱ्या दिवशी शहरात गेलो. सयाजीबागेच्या कडेने विश्वामित्री वाहते. पावागडाच्या डोंगरातून निघून ती शहराला चिरत पुढे ढाढर नदीला मिळते आणि खंभातच्या आखातात जाते. पात्र अरुंद, पाणी काळपट, काठावर प्लॅस्टिकचा खच. आणि त्याच घाणीत पुलाच्या खाली, तीस-चाळीस हातांवर, एक भलीमोठी मगर पोट टेकून पडलेली. आम्ही परतल्यावर फेब्रुवारीत मगरींची गणना झाली. शहरातून वाहणाऱ्या पट्ट्यात आणि आसपास ४०० हून अधिक मगरी मोजल्या गेल्या. वरून रिक्षा, बस, शाळेची मुले, आणि खाली चारशे मगरी. आफ्रिकेतल्या नाईल मगरीपुढे आपली मगर थोडी लहान; ती सहसा चार मीटरच्या आत, नाईलची त्याहून मोठी होते. पण पुलावरून बघताना हा फरक कोणाच्या लक्षात येतो?

पुलावर एकाने तिच्या दिशेने बाटली भिरकावली. मगर हलली नाही. आई त्याच्यावर मराठीतून ओरडली, "तुझं काय खाल्लंय रे तिनं?" तो बिचारा गुजराती, समजला असावा, कारण निघून गेला.

तिचेच हे वाक्य ऐकून मी तिच्याकडे पाहिले. ती कठड्याला धरून उभी होती आणि या वेळी हात थरथरत नव्हते.

गुजरातेत मगरीला खोडियार मातेचे वाहन मानतात. चरोतर भागातल्या तळ्यांच्या काठी माणसे, गुरे आणि मगरी शेजारी-शेजारी राहतात. गोव्यात दुर्भाट भागातले लोक पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. तिथे मगरीला मांगें म्हणतात. आपल्या सांगली भागात कृष्णाकाठच्या भिलवडी, औदुंबर पट्ट्यात आजही मगरींची भीती आहे, माणसे दगावली आहेत. मगर पाहायची तर आपल्याला फार लांब जायलाही नको. दांडेलीची काळी नदी, चिपळूणची वाशिष्ठी, गोव्याचा कुंभारजुवे कालवा, सगळीकडे ती दिसते, आणि वाशिष्ठीत व गोव्यात होडीतून दाखवतातही. १९७२ च्या कायद्याने तिला वाघाइतकेच संरक्षण आहे. तरीही एक गोष्ट राहून राहून मनात येते. होडीत बसणाऱ्याला ती सफारी, आणि काठावर धुणे धुणारीला ती रोजची धास्ती. मलावीची आजी आणि कुडचीची नऊ वर्षांची पोरगी यांना आपसात दुभाषी लागला नसता.

बागेतून बाहेर पडताना मुलाने अज्जीला सयाजीरावांची गोष्ट सांगितली. कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर १८७५ मध्ये दत्तक आला आणि राजा झाला. त्याने सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केले आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केले, मुलींनाही. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड. मी भर घातली, आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच केले. आईने दोन्ही महाराजांची नावे शांतपणे ऐकून घेतली.

"मग माझ्या पाळीला कुठं गेलते सगळे?"

परतीच्या गाडीत तिने माझ्याकडून पेन मागून घेतले आणि देवाच्या वहीत शेवटच्या पानावर कन्नड अक्षरांत 'शिरे' असे लिहिले; खाली मराठीत 'मलावी'. मिरज सोडल्यावर उगार मागे पडले तशी ती उठून दाराशी गेली. मी मागोमाग गेले, तिचा दंड धरला. कुडचीच्या अलीकडचा पूल आला. खाली कृष्णा, काठावर ऊस, चार म्हशी पाण्यात डुंबत होत्या आणि एक पोरगा अंगरखा डोक्याला बांधून त्यांच्यावर पाणी उडवत होता. आई दारातून ओरडली, "ए, वर ये! मेल्के बा!" गाडीच्या खडखडाटात त्याला काय ऐकू जाणार? पूल संपला. ती जागेवर येऊन बसली, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "दादाला फोन लाव. पासपोर्टाचं कुठवर आलंय विचार."